उचलायचं नाही

दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला, की दवाखान्यातल्या गमतीजमती लिहून द्या. चौथी शिकलेल्या माणसाकडून गमतीच मागणार, त्यात त्यांची चूक नाही. गमती आहेत की. पण लिहायला बसलो की एकच गोष्ट पुढं येऊन पाट मांडून बसते आणि बाकीच्यांना उंबरा ओलांडू देत नाही. तेव्हा जी बसली आहे तीच लिहितो. पसंत पडली नाही तर पानं परत करावीत. मला वाईट वाटणार नाही, आणि वाटलं तरी मी सांगणार नाही.

सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी वॉर्डबॉय होतो. नातवंडं झाली तरी बॉयच. निवृत्तीचं वय उलटल्यावरही ट्रस्टनं मला ठेवून घेतलं होतं. दवाखान्यात आम्हाला तोंडावर कुणी बॉय म्हणत नाही. आमच्यासारखे पुरुष सगळ्यांचे मामा आणि बाया सगळ्यांच्या मावशा. माझं काम एका शब्दाचं, उचलायचं. रिक्षातून खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर, खाटेवरून एक्स-रेच्या फळीवर आणि फळीवरून परत खाटेवर. लोकांना वाटतं त्याला ताकद लागते. ताकद हमालाला लागते, कारण पोतं आपणहून काही करत नाही. माणूस उचलायचा तर त्याच्या काखेत हात घालून ओढायचं नाही, म्हाताऱ्याचा खांदा निखळतो. आपला गुडघा त्याच्या गुडघ्याला टेकवायचा, कमरेला धरायचं आणि कानाशी बोलत बोलत उठवायचं. काय बोलता त्याला महत्त्व नाही. पाऊस कुठं झाला, जोंधळ्याचा भाव काय, काहीही. बोलत राहिलं की माणूस हलका होतो. घाबरलेला माणूस जड. आणि गेलेला सगळ्यांत जड, कारण त्याच्याशी बोलायला काही उरत नाही.

या कामाचा मला गर्व होता. मामाच्या हातून पडलेला एक पेशंट दाखवा, असं मी छाती काढून सांगायचो. मग श्रीलता मॅडम आल्या आणि त्यांनी माझं कामच काढून घेतलं.

मॅडम सोलापूरच्याच पूर्व भागातल्या, तेलुगू विणकराच्या घरातल्या. मागाच्या खडखडाटात अभ्यास करून डॉक्टर झालेल्या, त्यामुळं आवाज चढा. म्हाताऱ्या माणसांच्या अशक्तपणाचा वेगळा विभाग त्यांनी मागून घेतला. विभाग म्हणजे एक्स-रेच्या मागची खोली. तिच्यात बिनहाताची एक लाकडी खुर्ची, मुठीची पकड मोजायचं यंत्र, पोटरी मोजायची फीत, आणि बाहेर व्हरांड्यात चालण्याची वेळ लावायला फरशीवर मारलेल्या दोन रेघा. मी म्हटलं, एवढ्यावर दवाखाना चालतो होय? एवढ्यावर तर शाळेचं गॅदरिंगसुद्धा होत नाही.

मॅडमनी मला समजावलं ते असं. वय वाढलं की अंगातलं मांस झडत जातं. केस गेलेले दिसतात, दात गेलेले दिसतात, मांडीतलं मांस गेलेलं लुगड्यात आणि धोतरात दिसत नाही. वजन तेवढंच राहतं, कारण त्याच्या जागी चरबी बसते. मग एक दिवस माणूस न्हाणीत पडतो, खुबा मोडतो, आणि आपण म्हणतो पडला म्हणून अंथरुणाला लागला. मॅडम म्हणायच्या, उलटं आहे. तो आधीच लागला होता, पडल्यावर तुम्हाला कळलं. आपण म्हणतो वय झालं, आणि तिथं बोलणं संपतं. मॅडमचं बोलणं तिथून सुरू व्हायचं.

पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "मामा, हितं उचलायचं नाही."

"मग मी करू काय?"

"जवळ उभं राहायचं. पडला तर धरता येईल इतकं जवळ. पण हात मागे."

बिनहाताच्या खुर्चीत माणसाला बसवायचं, त्यानं छातीवर हाताची घडी घालायची आणि आपल्या मांड्यांच्या जोरावर लागोपाठ उठून दाखवायचं. मी समोर. माणूस अर्धा उठला आणि लटपटला की माझे हात आपोआप पुढं जायचे, उभ्या आयुष्याची सवय. मॅडम ओरडायच्या. शेवटी मी एका हाताचं मनगट दुसऱ्या हातानं पाठीमागं घट्ट धरून उभं राहायला लागलो. पोतं उचलणं सोपं, असा हात आवरणं अवघड. धाव घ्यायची ती नेमकी कधी, एवढंच माझं काम उरलं.

तिथं एक बाबूभाई यायचे. सगळा जन्म ट्रक चालवलेला माणूस. मुठीचं यंत्र त्यांनी असं आवळलं की काटा सरसर चढला आणि त्यांनी बाकावरच्या सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. मग खुर्चीत बसले. हाताची घडी घातली. उठेचनात. पुन्हा जोर लावला, कपाळावर घाम आला, पण बूड हललं नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "क्या मामा, कुर्सी कू गोंद लगाए क्या?" सगळे हसले, तेही हसले, आणि मग हसता हसता रडायला लागले. त्यांचा मुलगा उचलायला धावला. मी त्याला आडवा झालो. तो मला जे बोलला ते अंकात छापण्यासारखं नाही. पण बाबूभाई रोज यायला लागले आणि काही महिन्यांनी त्याच खुर्चीतून उठून माझ्या पाठीत धपका घालून गेले.

आपल्याकडं म्हाताऱ्याला मान द्यायचा म्हणजे बसवून ठेवायचं. पाणी हातात, ताट पुढ्यात, तुम्ही उठू नका. सून फार चांगली निघाली तर सासू लवकर अंथरूण धरते, असं मी मॅडमना एकदा म्हणालो. त्या हसल्या नाहीत. खरंच आहे, म्हणाल्या.

आता मुख्य गोष्ट. मॅडमना नुसतं सांगायचं नव्हतं, सिद्ध करायचं होतं. पुस्तकातलं सगळं परदेशातल्या म्हाताऱ्यांवर तपासलेलं. दात नाहीत म्हणून कडक भाकरी चहात बुडवून खाणारा, अंड्याला न शिवणारा, सोमवार, गुरुवार, एकादशी धरणारा आपला म्हातारा त्यात कुठं होता? व्यायाम आणि खाणं बदलून याच्या मांडीत जोर येतो का, हे बघायचं. त्यासाठी माणसांचे दोन गट. एका गटानं आमच्याकडं येऊन व्यायाम करायचा आणि डाळ, शेंगदाणे, दूध, हुलगा कसा किती खायचा ते शिकायचं. दुसऱ्या गटाला कुठलाही डॉक्टर देतो तेवढाच सल्ला, चालत जा, नीट खा, आणि अधूनमधून मोजणी. अभ्यास संपला की दुसऱ्या गटालाही सगळं शिकवायचं, असं ठरलेलं. कोण कुठल्या गटात ते ना मॅडम ठरवणार, ना पेशंट. कॉम्प्युटरनं लावलेली बंद पाकिटं होती. समोर पाकीट फोडायचं, आत निघेल तो गट. आपण निवडायला गेलो तर धडधाकट माणसं व्यायामाला घेऊ आणि मग सांगत सुटू की व्यायामानं धडधाकट झाली.

मॅडम हे बाकावरच्या मंडळींना समजावत होत्या आणि कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. तेवढ्यात अक्कलकोटकडचे एक आजोबा, कपाळाला विभूती, किराणा दुकानदार, गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "म्हंजे कौल की."

आमच्या गावाकडं देवाला कौल लावतात. पिंडीला फूल चिकटवायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. बाकावर सगळ्यांना क्षणात समजलं. मॅडम हसल्या, मीही हसलो. कुणी मोडून काढलं नाही, कारण काम सोपं झालं होतं. त्या दिवसापासून जो तो पाकीट आधी कपाळाला लावायचा आणि मग फोडायचा.

आमची निलव्वा पण आली. माझी बायको. तिचं माहेर मंगळवेढ्याकडचं, कोरडवाहू. सोलापुरात येऊन सगळा संसार तिनं टॉवेलच्या दशा गाठण्यात काढला. कारखान्यातून टॉवेलचे गठ्ठे घरी यायचे, त्यांच्या टोकाचे सुटे दोरे वळून गाठी मारायच्या, जमिनीवर मांडी घालून, सकाळपासून. तिच्या हातातल्या बांगड्या ढिल्या होत होत कोपरापर्यंत चढायला लागल्या होत्या. शेंगाचटणीच्या बरणीचं झाकण माझ्यापुढं करायची. जमिनीवरून उठताना आधी भिंत, मग दाराची चौकट, मग माझा खांदा.

तिला मरणाची भीती नव्हती. तिला भीती होती खाटेखालच्या भांड्याची. माझी आई शेवटची कैक वर्षं अंथरुणात होती आणि तिचं सगळं हिनं काढलं, एकदाही तोंड वाकडं न करता. पण आई गेली त्या दिवशी मला म्हणाली, "माजं असं करू नगा. शेवटपातूर न्हाणीत मी माज्या पायानं जानार. मला कुनी उचलायचं न्हाय." ज्याचा धंदा उचलायचा, त्याला हे सांगितलं.

तिनं पाकीट कपाळाला लावलं, फोडलं. सल्ल्याचा गट निघाला. ती म्हणाली, "झालं," आणि पिशवी उचलून घरी निघाली.

पुढचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. सकाळी मी दवाखान्यात दुसऱ्यांच्या बायकांपुढं हात मागे घेऊन उभा, त्या उठायच्या, हळूहळू जमायला लागायचं, त्यांच्या घरचे टाळ्या वाजवायचे. संध्याकाळी घरी आलो की ही भिंत धरून. भरलेली बादली आधी अर्धी झाली, मग तांब्या तांब्यानं पाणी न्यायला लागली. न्हाणीत गेली की मी बाहेर कान लावून बसायचो. तांब्याचा आवाज आला की श्वास सोडायचा. मला सगळे व्यायाम पाठ होते. कुठल्याही संध्याकाळी मी तिला खुर्चीवर बसवून शिकवू शकत होतो.

मी मॅडमना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "मामा, त्यांना वाटेल तेव्हा नाव काढता येतं. आज काढा, उद्यापासून व्यायाम सुरू. कुणी एक शब्द बोलणार नाही. पण नाव ठेवून घरी गुपचूप शिकवू नका. मग माझ्याकडं खोटं जमेल आणि ते मला कळणारही नाही."

यात अडवण्यासारखं काही नव्हतं. घरी येऊन निलव्वाला सांगितलं, नाव काढू.

"ब्याड," ती म्हणाली. ब्याड म्हणजे नको. आमच्या घरात रागाची भाषा कानडी.

"अगं, पडलीस तर?"

"कौल मोडत न्हाईत. देवानं डावं दिलं तर डावं."

त्या दिवशी मी कानडीत काय काय बोललो ते तिच्या देवानं ऐकलं असेल. ती दशा गाठत बसली. ताट वाढलं, पण पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला नाही. आमच्याकडं त्याचा अर्थ कळतो.

शेवटी मी मॅडमनाच घरी घेऊन आलो. त्या जमिनीवर हिच्यासमोर मांडी घालून बसल्या. म्हणाल्या, "अव्वा, त्या पाकिटात देव नाही. कॉम्प्युटरनं लावलेली पाकिटं आहेत."

"आन कॉम्प्युटरला बुद्धी कोन देतो?"

"कुणीच नाही. त्याला बुद्धी नाही म्हणून तर त्याला लावायला सांगितलं."

निलव्वा हसली. कितीतरी दिवसांनी हसली. पण मॅडम हसत नव्हत्या. त्यांनी मला विचारलं, बाकीच्यांनाही असंच वाटतं का? मी म्हटलं, सगळ्यांनाच. बाक तेव्हापासून कौलच म्हणतोय. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "म्हणजे ही माणसं स्वतःहून राहिलेली नाहीत. देवानं ठेवलंय म्हणून राहिलीत. त्या दिवशी मी हसले, तिथंच थांबवायला हवं होतं."

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी सल्ल्याच्या गटाला बोलावून घेतलं. मी म्हणत होतो, सांगायला जाऊ नका, अर्धं काम झालंय, आता माणसं उठून गेली तर सगळं मातीत. मॅडमनी ऐकलं नाही. मराठीत सांगितलं, तेलुगूत सांगितलं, मी कानडीत सांगितलं. हा कौल नाही, तुम्ही मोकळे आहात, आज जायचं तर जा, आणि जो जाईल त्याला व्यायाम उद्यापासून. मग ते विभूतीवाले आजोबा उभे राहिले, काठीवर जोर देऊन, थरथरत. "मग इतके दिस मी कुनाचं ऐकत हुतो?" म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्यामागं आणखी माणसं उठली. मॅडम खिडकीकडं तोंड करून उभ्या होत्या.

निलव्वा उठली नाही. मला वाटलं तिला उठता येत नाही, मी पुढं झालो, तर तिनं हातानं मला थांबवलं. मॅडमना म्हणाली, "मी ऱ्हाते. आमचा बाप जोंधळ्यात खत घालायचा तवा एक पट्टा बिनखताचा सोडायचा. लोक हसायचे. पर खतानं काय केलं ते त्या पट्ट्यामुळंच कळायचं. सगळंच उठून गेलं तर बाईंना कसं कळावं? मी तो पट्टा."

मी सगळ्यांदेखत म्हणालो, "आन पट्ट्यातलं कणीस वाळलं म्हंजे?"

"तर ते बी कळंल."

तिला मॅडमनी तीनदा समजावलं, मी मानेनं, डोळ्यानं, सगळ्यानं समजावलं. पण आता ती देवाचं नाव घेत नव्हती. तिनं स्वतः ठरवलं होतं, आणि त्यापुढं माझी मात्रा कधी चालली नव्हती. मॅडमनी मान्य केलं. मी केलं नाही. आजही केलेलं नाही.

पावसाळा सरता सरता तिला ताप आला. उतरेना. आमच्याच दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात ठेवली. मुलगी सुवर्णा सांगोल्याहून आली, घरच्या बागेतली डाळिंबं घेऊन. पोरीनं आईची सेवा अशी मांडली की बघणाऱ्यानं हात जोडावेत. उशा लावल्या, चमच्यानं भरवलं, पाय चेपले. अव्वाला हलवायचं न्हाय, म्हणून मावशीला ताकीद दिली. आणि खाटेखाली भांडं आलं. निलव्वानं त्या भांड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. तिनं पाणी पिणंच कमी केलं, म्हणजे भांडं लागायला नको. मावशीनं मला ते सांगितलं तेव्हा मी जिन्यात जाऊन बसलो.

तापानं आणि खाटेनं मिळून तिला अशी खाल्ली की चादरीखाली माणूस आहे की नाही असं वाटावं. त्यात सोमवार आला, तर तापातही उपास. मॅडमनी तिच्याशी भांडून उपासाला दूध आणि दाण्याचं कूट चालतं एवढं कबूल करून घेतलं. ताप उतरला त्या सकाळी मॅडम मला म्हणाल्या, "अभ्यास बाजूला. तोवरची मोजणी घेतली, आता त्या फक्त माझ्या पेशंट. आज खाटेवरून उतरवायचं. व्यायाम शिकवणाऱ्या ताई दाखवून जातील, पुढं दिवसभर तुम्ही." निघता निघता म्हणाल्या, "जमेल ना, मामा?"

ताई दाखवून गेल्या. निलव्वाला खाटेच्या कडेला बसवलं, पाय जमिनीला टेकवले. न्हाणीघर वॉर्डाच्या त्या टोकाला. मी समोर उभा राहिलो, मनगट पाठीमागं धरून. म्हणालो, "एळ." ऊठ.

तिनं पलंगाची दांडी धरली. बोटं पांढरी झाली. थोडी उचलली गेली आणि मागं पडली.

सुवर्णा उशी घेऊन धावली. "अप्पा, धरा की तिला. एवढ्या लोकांना उचललंत, आईला उचलाया हात दुखत्यात काय तुमचे?"

सगळा वॉर्ड बघत होता. माझ्या हातात ती केवढी असणार, नातीएवढी. काखेखालून नाही, कमरेला धरून, कानाशी दोन शब्द बोलून मी तिला एका श्वासात न्हाणीत नेऊन ठेवली असती. मी माझंच मनगट इतकं आवळलं होतं की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता.

"एळ, नीला."

दुसऱ्यांदा अर्धी उठली. गुडघे लटलट कापायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर ती फरशीवर पडलेली दिसली, खुबा मोडलेली, आणि त्यानंतरची सगळी वर्षं दिसली. सुवर्णा मोठ्यानं रडत होती. मला दगड म्हणाली, आणखी काय काय म्हणाली. मी पुढं सरकलो. अगदी एक पाऊल. आणि निलव्वा खाली मान घालूनच, दातओठ खात म्हणाली, "मागं सरा."

मी सरलो. ती उभी राहिली.

चालली नाही त्या दिवशी. उभी राहिली, आणि बसली. पण ती उभी होती तेव्हा तिनं मुलीकडं पाहिलं आणि खाटेखाली पाय घालून ते भांडं सरकवून दिलं. ते घरंगळत पलीकडच्या खाटेखाली गेलं. पलीकडच्या आजीनं शिव्या दिल्या. पुढच्या काही दिवसांत ती दांडीला धरून, मग भिंतीला धरून, न्हाणीत गेली. मी दाराबाहेर. सुवर्णा माझ्याशी बोलत नव्हती, पण तीही आता हात मागे धरून उभी राहायची. बापाचं बघून की काय, मी विचारलं नाही.

घरी आल्यावर बिनहाताची खुर्ची आली. शेंगदाण्याचं कूट, हुलग्याचं माडगं, दही. ती तोंड वाकडं करून खायची, म्हणायची बैलाचा खुराक मला चारता. सकाळ संध्याकाळ खुर्चीतून ऊठबस. बादली पुन्हा अर्धी झाली. भरली कधीच नाही. खोटं कशाला सांगू.

मॅडमचा अभ्यास संपला. मी विचारलं, काय निघालं? त्या म्हणाल्या, व्यायामाच्या गटातली माणसं खुर्चीतून बरी उठायला लागली, चालण्यात थोडा फरक पडला, मुठीत म्हणावा तसा नाही. पण मधेच माणसं गळाली, त्यामुळं छातीठोक सांगता येत नाही. पुन्हा करायला लागेल. मी म्हटलं, त्या दिवशी खोलीत खरं सांगितलं नसतं तर? म्हणाल्या, तर निकाल चांगला दिसला असता. आता त्यांनी नवा अभ्यास लावलाय. पहिल्याच दिवशी चार भाषांत सांगतात, हा कौल नाही. बिनखताचा पट्टा ही गोष्ट पण सांगतात, आणि ती कुणाची ते सांगतात.

निलव्वा गेल्या थंडीत गेली. तापानं नाही, पडून नाही. सकाळी उठली, न्हाणीत जाऊन आली, आपल्या पायानं. दारातल्या उन्हात तिच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, चहात आलं जास्त टाका. मी आलं जास्त टाकलं. कप घेऊन बाहेर आलो तेव्हा तिचे हात मांडीवर होते आणि डोळे उन्हाकडं. हाक मारली. हृदय थांबलं, असं मॅडम म्हणाल्या.

आमच्या लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत. बसवतात. मांडी घालून, विभूती लावून, फुलांनी सजवलेल्या विमानात, म्हणजे लाकडी मखरातच म्हणा, बसवून नेतात आणि मातीतही बसतंच ठेवतात. निलव्वा बसली होती. नवं इरकल, हातात तिच्या ढिल्या बांगड्या. दाराशी भजनवाले आले. पुढच्या दांड्यांना जावई आणि भाऊबंद लागले. मागच्या एका दांडीला जागा ठेवली होती, माझी. स्वामींनी मंत्र म्हटले. सगळे म्हणाले, मामा, या, हात लावा.

मी तिच्यासमोर उभा होतो. मला ऐकू येत होतं. पण माझे हात पाठीमागं होते, मनगट धरलेलं, आणि मी तिच्या गुडघ्यांकडं बघत होतो.

पुन्हा कुणीतरी हाक मारली. मी हललो नाही. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला धक्का बसला. मग सुवर्णा पुढं आली. तिनं माझ्यामागं जाऊन माझी बोटं एक एक करून मनगटावरून सोडवली.

"अप्पा," ती म्हणाली, "आता उचला."